शिडाच्या जहाजावरची शाळा आणि आपल्या बांधीतला पाऊस



"बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले आहे." बातम्यांत हे वाक्य कानावर पडले की गोंदिया जिल्ह्यातला धान पिकवणारा माणूस हातातले काम थांबवून ऐकतो. पऱ्हे पंचवीस दिवसांचे होऊन गेलेले असतात, बांधीत चिखलणीपुरतेही पाणी नसते, रोवणीच्या बाया सांगून ठेवलेल्या असतात. त्या एका वाक्यावर आपण ट्रॅक्टर सांगायचा की थांबायचे ते ठरवतो.

पण हे वाक्य येते कुठून, याचा विचार आपण कधी केला आहे काय? समुद्रावर कोणीतरी वारा मोजलेला असतो, पाण्याचे तापमान घेतलेले असते, लाटेची उंची लिहून ठेवलेली असते. आज उपग्रह आहेत, समुद्रात सोडलेली तरंगती यंत्रे आहेत, मोठी संशोधन जहाजे आहेत. आणि त्यांच्या जोडीला, आश्चर्य वाटेल, शिडाच्या होडीवर बसून नोंदी घेणारी तरुण मुले-मुलीही आहेत. आज त्यांच्याविषयी सांगायचे आहे. आपल्या पोरांनी त्यांच्याकडून काय घ्यावे, हेही सांगायचे आहे.

समुद्र आपल्याला लांब नाही

"आपण कुठे, समुद्र कुठे?" असे कोणीही म्हणेल. मुंबईचा समुद्र गोंदियाहून सरळ रेषेत आठशे किलोमीटरच्या आसपास आहे. परंतु नकाशावर पट्टी ठेवून बघा. पूर्वेकडचा बंगालचा उपसागर, विशाखापट्टणमच्या बाजूने, सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपासच आहे. आपला भरवशाचा पाऊस येतो तोही बहुधा त्याच बाजूने. उपसागरात कमी दाब तयार होतो, ओडिशा-छत्तीसगड ओलांडून पश्चिमेकडे सरकतो आणि आपल्या बांध्या भरून जातो.

आता उलट बाजू बघा. बांधीतून सुटलेले पाणी नाल्याला, नाला बाघ किंवा चुलबंद नदीला आणि नदी वैनगंगेला मिळते. वैनगंगा पुढे प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी शेवटी बंगालच्या उपसागरातच उतरते. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी अशा नद्यांचे गोडे पाणी या उपसागरात पडते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते, त्यामुळे ते वरच पसरून राहते. वरचा हलका थर आणि खालचे थंड पाणी सहजासहजी मिसळत नाही. म्हणून उपसागराचा वरचा थर उबदार राहतो. उबदार पाण्यावर ढग चांगले धरतात. म्हणजे आपल्या शेतातून गेलेले पाणी पुन्हा आपल्यासाठी पाऊस घडवण्याच्या कामात थोडाफार हातभार लावते.

उबदार म्हणजे किती? आपल्या मराठी शास्त्रज्ञ, दिवंगत सुलोचना गाडगीळ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९८४ साली दाखवून दिले की, समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २८ अंश सेल्सिअसच्या वर असले तर पावसाचे उंच, दाट ढग जमण्याची शक्यता एकदम वाढते. नुसती ऊब पुरत नाही, वाराही साथ देणारा लागतो. पण ऊबच नसेल तर काम अडते. पुढे १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या देशाने बंगालच्या उपसागरात मोठा प्रयोग केला. 'सागर कन्या' आणि 'सागरध्वनि' या दोन जहाजांवर शास्त्रज्ञ ऐन पावसाळ्यात समुद्रात ठाण मांडून होते. पाण्याचे तापमान, खारेपणा, वारा, हवेतला ओलावा यांची मोजणी त्यांनी केली. इकडे आपण रोवणीत होतो, तिकडे ही मंडळी हेलकावणाऱ्या जहाजावर आपला पाऊस मोजत होती.

सहा मुली, एक होडी

आता शिडाच्या होडीकडे वळू. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा जहाज बांधण्याचा कारखाना आहे. तिथे बांधलेली 'म्हादेई' ही होडी २००९ मध्ये नौदलात आली. त्याच वर्षी कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने निघाले आणि २०१० मध्ये पृथ्वीला फेरी मारून परत आले. एकट्याने शिडाच्या होडीतून जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या पाठोपाठ अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता तीच फेरी पूर्ण केली.

त्याच कारखान्यातून २०१७ मध्ये 'तारिणी' बाहेर पडली. लांबी ५६ फूट, म्हणजे आपल्या साध्या घराच्या पडवीपेक्षा थोडी जास्त. ओडिशातल्या तारा-तारिणी देवीचे नाव तिला दिले आहे. १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा तरुण महिला अधिकारी या होडीतून गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी गोव्याला परतल्या. २५४ दिवस लागले आणि अंतर झाले सुमारे २१,६०० सागरी मैल, म्हणजे चाळीस हजार किलोमीटर. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे, दक्षिण आफ्रिका आणि मॉरिशस एवढ्या ठिकाणी त्या थांबल्या. बाकी दिवस आणि रात्री पाण्यावर.

या सहाजणींची गावे बघण्यासारखी आहेत. नेतृत्व करणाऱ्या वर्तिका जोशी उत्तराखंडच्या डोंगराळ मुलखातल्या. प्रतिभा जामवाल हिमाचलातल्या कुल्लूच्या. पायल गुप्ता देहरादूनच्या. विजया देवी मणिपूरच्या. ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या. समुद्रकाठच्या गावातली एकच, विशाखापट्टणमची स्वाती. सहापैकी पाचजणी अशा की ज्यांच्या गावातून समुद्र दिसत नाही. तेव्हा "आपल्या पोरीला समुद्राचे काय कळणार?" असे कोणी म्हटले तर ही यादी वाचून दाखवा.

या फेरीत साहस होतेच. पण नोंदीचे कामही नेमून दिलेले होते. हवामान, समुद्र आणि लाटा यांची माहिती त्या नियमाने टिपून पाठवत, ती हवामान खात्याच्या उपयोगी पडावी म्हणून. भर समुद्रात कुठे प्रदूषण दिसते तेही लिहीत. दक्षिणेकडच्या त्या समुद्रात जहाजांची ये-जा फार कमी. जिथे माणूसच फिरकत नाही तिथली एक ओळही मोलाची असते.

नेमो बिंदूचे पाणी

दुसरी फेरी २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाली. या वेळी 'तारिणी'वर दोघीच होत्या. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. एक सुकाणूवर तर दुसरी विश्रांतीला, असे जवळपास आठ महिने. २५ हजार सागरी मैलांहून अधिक अंतर कापून २९ मे २०२५ रोजी त्या गोव्यात परतल्या.

वाटेत जानेवारी २०२५ च्या अखेरीस त्या पॅसिफिक महासागरातल्या 'नेमो बिंदू'वरून गेल्या. जगाच्या पाठीवर जमिनीपासून सर्वांत दूर असलेली ही जागा. जवळची जमीन कोणत्याही बाजूला २,६०० किलोमीटरपेक्षा जास्त लांब. तिथे अनेकदा सर्वांत जवळची माणसे म्हणजे डोक्यावरून अंतराळस्थानकात फिरणारे अंतराळवीर! अशा जागी या दोघींनी समुद्राच्या पाण्याचे नमुने भरून घेतले. ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तपासायचे, त्यात कोणते सूक्ष्म जीव आहेत आणि पाण्याचे रासायनिक गुण काय आहेत ते बघायचे, असे ठरले होते.

गोव्यात दोना पावला येथे असलेली ही संस्था १ जानेवारी १९६६ रोजी सुरू झाली. त्याआधी अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली होती, तिच्यातून ही संस्था उभी राहिली.

आपण माती परीक्षणासाठी नमुना घेतो तेव्हा काय करतो? शेताच्या चार-आठ ठिकाणची माती व्ही आकाराच्या खड्ड्यातून घेतो, खत पडलेली जागा टाळतो, पिशवीत गट क्रमांकाची चिठ्ठी टाकतो. चिठ्ठी नसली की नमुना वाया गेला. समुद्राच्या पाण्याचेही तसेच आहे. बाटलीवर दिवस, वेळ, ठिकाण लिहिले नाही तर नेमो बिंदूचे पाणी आणि बंदराचे पाणी सारखेच.

शीडच का?

इंजिनाची मोठी जहाजे असताना शिडाचे कशाला, असा प्रश्न पडेल. नौदलाकडे 'तरंगिणी' आणि 'सुदर्शिनी' ही तीन डोलकाठ्यांची, वीस शिडांची दोन प्रशिक्षण जहाजे आहेत. दोन्ही गोवा शिपयार्डने बांधलेली. 'तरंगिणी' १९९७ मध्ये आणि 'सुदर्शिनी' २०१२ मध्ये नौदलात आली. अधिकारी होऊ घातलेल्या मुलांना त्यांवर पाठवतात. दोर ओढायचा, डोलकाठीवर चढायचे, वारा फिरला की शीड फिरवायचे.

कारण साधे आहे. इंजिन असले की वाऱ्याकडे लक्ष दिले नाही तरी चालते. शिडावर ते चालत नाही. वारा कोणत्या दिशेचा, ढग कोणत्या जातीचा, हवेचा दाब उतरतो की चढतो, हे नाही ओळखले तर पुढे जाताच येत नाही. ज्याचे पोट ज्या गोष्टीवर अवलंबून, ती गोष्ट माणूस बारकाईने शिकतो. कोरडवाहू शेतकऱ्याला ढग कळतो तो यामुळेच. आपला ढिवर बांधव डोंग्यातून जाळे टाकताना पाण्याच्या रंगावरून मासा कुठे असेल ते सांगतो, तेही यामुळेच. ही विद्या पुस्तकात नंतर येते, आधी हाताला येते.

मुलांच्या वह्यांची किंमत

अमेरिकेत वूड्स होल येथील एका शिक्षण संस्थेने १९७१ पासून महाविद्यालयातल्या मुला-मुलींना शिडाच्या जहाजावर समुद्रविज्ञान शिकवण्याचा परिपाठ ठेवला. मुलेच जहाज चालवायला हातभार लावतात, मुलेच पाण्यात बारीक जाळे सोडतात, आत आलेले जीव मोजतात आणि वहीत लिहितात. एका तुकडीचे काम काही आठवड्यांचे. त्यातून काय होणार, असे वाटेल.

पण १९८६ ते २००८ या बावीस वर्षांत एकामागून एक आलेल्या तुकड्यांनी सहा हजारांहून अधिक वेळा जाळे ओढले. जाळ्यात प्लॅस्टिकचे तुकडे किती आले तेही दर वेळी मोजून लिहिले. त्या सगळ्या वह्या एकत्र केल्यावर अटलांटिक महासागरात प्लॅस्टिक नेमके कोठे साठते, हे स्पष्ट झाले. २०१० मध्ये ते जगापुढे आले. एकेका मुलाची नोंद लहानच होती. मात्र पद्धत एकच ठेवली आणि खंड पडू दिला नाही, म्हणून त्या लहान नोंदींचे शास्त्र झाले.

आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट कमी पडते. आपल्या म्हाताऱ्यांना कोणत्या साली तळे सांडव्यावरून वाहिले ते आठवते, पण लिहिलेले नसते. म्हातारा गेला की नोंद गेली.

आपले तळे हाच आपला समुद्र

गोंदिया-भंडारा म्हणजे तलावांचा मुलूख. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या, नवेगावबांधसारखा विस्तीर्ण जलाशय हे सगळे आपल्याकडे आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या लोकांना सोबत घेऊन तलावातल्या बेशरमाचा बंदोबस्त करणे, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे आणि गावठी मासे परत आणणे असे काम केले आहे. त्याची सुरुवातही आधी काय होते आणि आता काय राहिले, या माहितीपासूनच झाली.

तेव्हा शाळेतल्या मुलांना जहाज नाही म्हणून अडून बसू नका. पुढील पाच नोंदी कोणत्याही तळ्यावर घेता येतात.

१) पाण्याची पातळी : सांडव्याजवळच्या पक्क्या दगडावर किंवा खांबावर रंगाने फूट व इंच आखा. आठवड्यातून एका ठरलेल्या वारी वाचन घ्या.

२) पाऊस : तोंडापासून बुडापर्यंत सारख्या रुंदीचे, सपाट बुडाचे भांडे उघड्या जागी ठेवा. सकाळी ठरलेल्या वेळी आत पट्टी उभी धरून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. तोच त्या दिवसाचा पाऊस. पसरट तोंडाची बादली चालणार नाही.

३) पाण्याचे तापमान : साधा तापमापक घ्या. सूर्योदयाच्या वेळी आणि दुपारी दोन वाजता, नेहमी एकाच जागी, सारख्याच खोलीवर मोजा.

४) पाण्याचा पारदर्शकपणा : हा जहाजावरचाच धडा आहे. १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजले. तीच सेक्की तबकडी आज मत्स्यशेतीत वापरतात. वीस सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या. चार भाग करून एकाआड एक काळा व पांढरा रंग द्या. मधोमध दोरी बांधा, खाली वजन लावा, दोरीवर दर पाच सेंटिमीटरला खूण करा. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, डोंग्याच्या सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी झाली की आकडा लिहा.

मासे पाळलेल्या तळ्यात पाणी हिरवट असून हा आकडा तीस-चाळीस सेंटिमीटरच्या आसपास असला तर माशांचे नैसर्गिक खाद्य बरे आहे असे समजावे. वीसच्या खाली गेला तर शेणखत व खाद्य थांबवावे. साठच्या वर गेला तर पाण्यात खाद्य कमी आहे. मात्र पाणी गढूळ मातीने अपारदर्शक असेल तर हा हिशेब लागू पडत नाही, हे ध्यानात ठेवा.

५) पहाटेचे मासे : पाण्यातले बारीक शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते आणि रात्री तोच वापरते. म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. कतला, रोहू पहाटे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर तो धोक्याचा इशारा. दिवस लिहा आणि मत्स्यपालन संस्थेला लगेच कळवा. समुद्रातही असेच सूक्ष्म शेवाळ असते. पृथ्वीवरच्या हिरव्या जीवांच्या एकूण कामापैकी जवळपास निम्मे काम तेच करते. तळ्यावर हे समजले की समुद्र समजायला वेळ लागत नाही.

एक सूचना कडकपणे पाळा. पोहणारा जाणता माणूस सोबत असल्याशिवाय आणि तरंगणारे जाकीट घातल्याशिवाय एकही मूल डोंग्यात चढता कामा नये. बाकी नोंदी पाळीवरून घेतल्या तरी चालतात.

पुढचे शिक्षण

ज्या मुला-मुलींना या कामाची गोडी लागेल त्यांच्यासाठी वाटा आहेत. दहावीनंतर विज्ञान शाखा सोडू नये. बारावीला जीवशास्त्र ठेवल्यास मत्स्यविज्ञानाच्या पदवीकडे जाता येते. आपल्याला सर्वांत जवळचे म्हणजे नागपूरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय. ते पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे आहे. उदगीरलाही त्याच विद्यापीठाचे महाविद्यालय आहे आणि रत्नागिरीत शिरगाव येथे कोकण कृषी विद्यापीठाचे. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत वर्सोवा येथे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, ती १९६१ ची. गोवा विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकवले जाते. नौदलात अधिकारी व्हायचे असेल तर भौतिकशास्त्र आणि गणित पक्के हवे. महाविद्यालयात एन.सी.सी. घेताना तिला नौदल शाखाही असते, आणि तिच्यात शिडाची होडी चालवायला शिकवतात, हे मुलांना सांगा. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक नीट वाचूनच अर्ज भरावा.

ढिवर पालकांना विशेष सांगणे. पोरगं शाळा शिकलं की जाळं विसरतं, ही भीती खोटी नाही. पण मत्स्यविज्ञान शिकणाऱ्या मुलाला जाळे, डोंगा आणि मरळ हे वर्गातल्या इतर मुलांपेक्षा आधीच माहीत असतात. ते त्याचे भांडवल आहे.

सरपंच, मुख्याध्यापक आणि मच्छीमार संस्थेचे पदाधिकारी यांनी यंदा एकत्र बसून एवढेच ठरवावे : गावातले एक तळे, एक जाड वही, आठवी-नववीची चार मुले आणि एक शिक्षक. वहीची एक प्रत दर वर्षाअखेर ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी. मुले पुढच्या वर्गात गेली की वही खालच्या वर्गाला द्यावी. पाच वर्षांनी तलावाच्या खोलीकरणाचा किंवा बीज सोडण्याचा प्रस्ताव करताना ती वही पुढे ठेवा. तोंडी सांगण्यापेक्षा तिचे वजन जास्त पडेल.

रोहिणी नक्षत्र लागण्याच्या आधी दगडावर आकडे रंगवून घ्या. पहिल्या पावसाची नोंद हुकली तर ती पुन्हा मिळत नाही.